जावजी दादाजी : खिळा घासणाऱ्या हाताचे शिक्षण

प्रास्ताविक

लिपी हाताने लिहिली जाते तोवर अक्षराच्या वळणाची जबाबदारी लिहिणाऱ्याच्या बोटांवर असते. ती छापली जाऊ लागली की ही जबाबदारी धातूच्या एका लहानशा तुकड्याकडे जाते. या तुकड्याला आपण ग्रंथात मुद्राक्षर म्हणतो, छापखान्यात खिळा किंवा टाइप म्हणतात. मुद्रितशोधन शिकणाऱ्या आपल्यासारख्या अभ्यासकाला पानावरचे अक्षर दिसते, त्यामागचा खिळा दिसत नाही. तो दिसावा, निदान त्याची कल्पना यावी, यासाठी या घटकात आपण एका माणसाचे चरित्र अभ्यासणार आहोत. जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) हे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक होते.

त्यांच्याविषयी लिहिताना गरिबीतून वर आलेला कष्टाळू उद्योजक असे चित्र सहसा रंगवले जाते. ते खोटे नाही, परंतु त्यात एक गोष्ट झाकली जाते. कष्ट तर मुंबईत हजारो माणसे करीत होती. जावजींच्या हाती जे आले ते एक ज्ञान होते, आणि ते कोणत्या क्रमाने आले हे पाहणे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अक्षराची उंची, रुंदी, अंगभर मोकळी जागा, ओळीची सरळता, दोन अक्षरांमधील अंतर या गोष्टी आज संकल्पनशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षी कागदावर आणि पडद्यावर शिकतो. जावजी त्या दहा वर्षांचे असताना शिकू लागले. त्यांच्यापुढे पाटी नव्हती, पुस्तक नव्हते. समोर होता नुकत्याच ओतलेल्या खिळ्यांचा ढीग.

पार्श्वभूमी

मराठी भाषेचे मुद्रण महाराष्ट्राबाहेर सुरू झाले. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांत छापले गेले. त्यांच्या १८१० च्या कोशासाठी मोडी खिळेही वापरण्यात आले. म्हणजे मोडी आणि बाळबोध या दोन्ही वाटा तेव्हा खुल्या होत्या. पत्रव्यवहार, जमाखर्च, वतनाची कागदपत्रे यांची लिपी मोडी होती. पोथीची लिपी बाळबोध होती. मुद्रणाने अखेर पोथीची लिपी उचलली. मोडीचा सगळा डौल हात न उचलता लिहिण्यात आहे, आणि खिळा म्हणजे मुळातच सुटे अक्षर. सुट्या तुकड्यांत मोडी बसवता येते, पण तिचे धावणे थांबते.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ च्या सुमारास छापखाना चालू केला. आरंभीचे खिळे बंगालमधून आणलेले, आकाराने मोठे व बोजड होते. पुढे या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी मराठीसाठी नवे, लहान व सुबक खिळे घडवले. याच छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पहिले छापील मराठी पंचांग काढले आणि पुढे स्वतःचे खिळेही तयार केले. पंचांग छापले गेले ही घटना लहान वाटते, परंतु ज्या समाजात छापील कागदाच्या शाईत चरबी असल्याची शंका घेतली जाई, त्या समाजाच्या देवघरात छापील कागद जाण्याची ही सुरुवात होती.

घासण्याचे काम

जावजींचा जन्म मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. वडील लहानपणीच वारले. शाळेत फार दिवस जाणे झाले नाही. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते ग्रॅहम यांच्या हाताखाली, अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, महिना दोन रुपयांवर लागले. काम होते खिळे घासण्याचे.

येथे आपण थोडे थांबू. घासणे हे छापखान्यातील सर्वांत हलके काम मानले जाई आणि चरित्रकार बहुधा एका वाक्यात ते ओलांडून पुढे जातात. ते नेमके काय असते हे समजून घेतल्याशिवाय पुढचे सारे आयुष्य कळत नाही.

खिळा तयार होतो तो असा. पोलादी कांबीच्या टोकावर कारागीर अक्षर उलटे कोरतो. हा ठसा कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात अक्षराचा खळगा उमटतो, तो साचा. साचा हातातल्या ओतणीच्या तळाशी बसवून त्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओततात. रस थिजला की बाहेर पडतो तो खिळा. परंतु तो वापरण्याजोगा नसतो. त्याच्या पायाशी ओतलेल्या धातूची शेपटी राहिलेली असते, कडांना फुगवटे व पापुद्रे असतात. शेपटी मोडायची, बाजू दगडावर किंवा कानशीवर घासायच्या, पाय सपाट करायचा.

आता त्या मुलाच्या हातून काय काय चुकू शकते ते पाहा. पाय जास्त घासला तर खिळा बुटका होतो, त्याला शाई पुरेशी लागत नाही आणि छापात ते अक्षर फिके येते. कमी घासला तर खिळा उंच राहतो आणि कागदात रुततो. बाजू तिरकी घासली गेली तर अक्षर ओळीत कलते. रोमन लिपीत हे दोष खपून जाण्याची थोडीफार शक्यता असते, कारण तिथे प्रत्येक अक्षर शेजाऱ्यापासून सुटेच उभे असते. देवनागरीत तशी सवलत नाही. आपल्या लिपीला शिरोरेषा आहे, आणि शिरोरेषा एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर अखंड गेली पाहिजे. बाजूला केसाएवढा पापुद्रा राहिला तरी दोन अक्षरांमध्ये फट पडते आणि शब्द तुटल्यासारखा दिसतो. बाजू गरजेपेक्षा अधिक खाल्ली गेली तर शिरोरेषेचे टोकच उडते आणि पुन्हा फट पडते. एक खिळा जरा वर, दुसरा जरा खाली बसला तर शिरोरेषा पायऱ्यांसारखी दिसू लागते. डोळ्याला ही चूक अक्षर वाचण्याआधी दिसते.

म्हणजे अंग किती आणि मुख किती, दोन अक्षरांमध्ये जागा कोठून येते, ओळ सरळ कशामुळे राहते, या प्रश्नांची उत्तरे त्या मुलाला बोटांच्या टोकांनी शोधावी लागत होती. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते हीदेखील शिकण्याची एक संधीच होय. उलटे अक्षर आपण वाचत नाही, पाहतो. त्याचा अर्थ बाजूला पडतो आणि उरते ती फक्त आकृती : काना किती जाड, गाठ किती उघडी, पोटातली पोकळी शाईने बुजेल की राहील. शाळेत अक्षरओळख जेमतेम झालेल्या मुलाने अक्षर प्रथम आकृती म्हणून पाहिले, ही गोष्ट पुढे त्याला उणी पडली नाही, उपयोगीच ठरली असे मला वाटते.

एक प्रसंग

विषय सोडून एक आठवण सांगतो. माझ्या लहानपणी परभणीत लग्नपत्रिका खिळ्यांवरच छापल्या जात. खिळे जुळवणारे गृहस्थ लाकडी घरांतून न पाहता खिळे उचलत आणि हातातल्या पट्टीवर ओळ रचत. आमच्या घरच्या एका पत्रिकेत आजीचे नाव द्वारकाबाई असे यायचे होते. छापखान्यात त्या आकाराचा द्व हा जोडखिळा झिजून निरुपयोगी झालेला होता. त्यांनी द चा पाय मोडून पुढे व ठेवला. पत्रिका हाती आल्यावर आजीने स्वतःच्या नावावर बोट ठेवून ते दोनदा वाचले आणि हे आपले नाव नव्हे असे ठरवून पत्रिका खाली ठेवली. उच्चार तोच होता. भाषाविज्ञानाच्या पुस्तकांतून पुढे मी शिकलो की लेखनचिन्ह आणि ध्वनी यांचा संबंध यादृच्छिक असतो. तो असतोच, पण ज्याला सवयीच्या आकृतीत आपले नाव पाहायचे असते त्याचे समाधान या सिद्धान्ताने होत नाही.

जावजींच्या आयुष्यातला मोठा प्रश्न हाच होता.

स्वतःचा कारखाना

मिशनचा छापखाना बंद झाल्यानंतर जावजींनी मुंबईतील इतर छापखान्यांत नोकऱ्या केल्या. टाइम्सचा छापखाना, इंदुप्रकाश, ओरिएंटल अशी ही वाटचाल आहे. तिचा तपशील येथे आवश्यक नाही. एवढे लक्षात घ्यावे की प्रत्येक ठिकाणी त्यांचा संबंध खिळे ओतण्याच्या कामाशी आला आणि १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला. छापखाना नंतर आला, १८६९ मध्ये. आधी अक्षर, मग पुस्तक, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बाजारातून मिळतील ते खिळे घेऊन छापखाना थाटणारे बरेच होते. जावजींनी हवे तसे अक्षर घडवण्याची सोय प्रथम करून घेतली.

या कामात त्यांचे सहकारी व स्नेही राणूजी रावजी आरू यांचे स्थान फार मोठे आहे. ठसे कोरण्याचे कसब आरूंचे होते. पोलादावर कोरणी चालवणारा हात आणि खिळा बोटांत फिरवून दोष सांगणारी नजर, या दोहोंच्या संगतीतून निर्णयसागरचे अक्षर जन्माला आले. छापखान्याचे नाव मुखपृष्ठावर येते, मालकाचे येते, संपादकाचे येते. ठसा कोरणाऱ्याचे नाव पुस्तकावर कोठेच येत नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत आरूंना अर्धे वाक्यही क्वचितच मिळते. आपल्या अभ्यासक्रमातही हा अन्याय झालेला आहे आणि तो मी या एका परिच्छेदाने भरून काढू शकत नाही.

किती खिळे पुरेत?

देवनागरीचा मुद्रक एका पेचात असतो. वर्णमाला आटोपशीर आहे, पण वेलांट्या, उकार, मात्रा, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांचा गुणाकार झाला की खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. यावर दोन मार्ग प्रचलित होते. अखंड पद्धतीत अक्षर त्याच्या चिन्हांसह एकाच अंगावर ओतले जाई. दिसायला ते सुंदर, पण खिळ्यांची घरे वाढत जात आणि जुळाऱ्याला ती सारी पाठ ठेवावी लागत. मुंबईत डिग्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत ओळीचे तीन थर केले जात : मधल्या थरात मूळ अक्षर, वरच्यात मात्रा-वेलांटीचा माथा, खालच्यात उकार. खिळे कमी लागत, पण एक ओळ जुळवायला तीन ओळींचे काम पडे आणि थर जरा हलले की मात्रा अक्षरापासून सुटून हवेत तरंगल्यासारखी दिसे.

तिसराही एक मार्ग सदैव खुला असतो. जोडाक्षरे कमी करायची, पाय मोडून भागवायचे, लिपीनेच यंत्रापुढे थोडे वाकायचे. या मार्गाला नावे ठेवण्याचे कारण नाही. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातले होते, आणि सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या चळवळीत अि, अु अशी रूपे याच विचारातून पुढे आली. ही मंडळी वृत्तपत्राच्या, प्रसाराच्या, वेगाच्या बाजूने विचार करीत होती आणि त्यांचा विचार साधार होता.

जावजींनी हा मार्ग घेतला नाही. त्यांना संस्कृत ग्रंथ छापायचे होते. कार्त्स्न्य यासारखा शब्द घ्या. त्यात र, त, स, न, य अशी पाच व्यंजने एकाखाली एक, एकात एक बसतात. हा शब्द चार हलन्त चिन्हे लावूनही छापता येईल. पण पोथी वाचून डोळा घडलेल्या शास्त्र्याला तो परकाच वाटेल. खिळ्याची रुंदी न बिघडवता आणि शिरोरेषा न तुटता हा गठ्ठा बसवायचा तर ठसा नव्याने कोरला पाहिजे किंवा अर्धे खिळे काटेकोर घासले पाहिजेत. दोन्हींत खर्च आहे. एखादे जोडाक्षर शंभर पानांत एकदाच येईल, त्याचा खिळा मात्र ठेवावाच लागेल. निर्णयसागरने तो ठेवला. या आग्रहाचा तोटाही सांगितला पाहिजे : अशा श्रीमंत खिळेसंग्रहाचे ओझे लहान गावातला छापखाना उचलू शकत नव्हता, आणि आमच्या आजीच्या नावाचा पाय मोडला गेला तो याच दरीमुळे.

निर्णयसागरचे अक्षर

निर्णयसागर हे नाव पंचांगाशीही जोडलेले आहे. तिथी-नक्षत्रांचे तक्ते, आकडे, उभ्या-आडव्या रेघा आणि बारीक टाइप यांची जुळणी ही कोणत्याही छापखान्याची कसोटी असते. जावजींनी ती आरंभीच दिली. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध हे मुलांसाठीचे मासिक निर्णयसागरातून निघू लागले. वामन दाजी ओक यांनी संपादिलेल्या काव्यसंग्रहातून मोरोपंत, वामन आदी जुन्या कवींची कविता क्रमाने प्रसिद्ध झाली. हस्तलिखितांच्या बाडांत पडून राहिलेली ही कविता आज आपल्या अभ्यासक्रमात आहे, यात या छापील पानांचा वाटा आहे. १८८६ पासून काव्यमाला ही संस्कृत ग्रंथांची माला सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब तिचे संपादक होते. ज्याचे स्वतःचे शालेय शिक्षण अपुरे राहिले, त्याच्या छापखान्यातील संस्कृत ग्रंथांवर भारतातील व भारताबाहेरील पंडित विसंबू लागले. हा विश्वास शुद्धतेमुळे मिळाला. शुद्धता म्हणजे केवळ शास्त्र्यांनी मुद्रिते तपासणे नव्हे. तपासणाऱ्याला रफार आणि मात्रा, ब आणि व, घ आणि ध यांतला फरक बारीक टाइपातही स्वच्छ दिसला पाहिजे. अक्षरच संदिग्ध असेल तर मुद्रितशोधक हतबल होतो. आपल्यापैकी ज्यांनी धूसर छायाप्रतींवरून सराव केला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणखी एक परिणाम भाषाभ्यासकांनी नोंदवावा असा आहे. देवनागरीतील काही अक्षरांची दोन वळणे होती : एक उत्तरेकडील, एक मुंबईकडील. अ, झ, ण ही त्यांतली ठळक उदाहरणे. उत्तरेकडच्या जुन्या ण मध्ये तर रा चा भास होई. मुंबईत घडलेल्या खिळ्यांचा, त्यांतही निर्णयसागरच्या अक्षराचा, प्रसार वाढला तसतशी ही मुंबईकडील वळणे महाराष्ट्राबाहेरही रूढ होत गेली. आज हिंदी पुस्तकातही आपल्याला आपलाच अ दिसतो, तो कोणा अधिकाऱ्याच्या आदेशाने आलेला नाही. ल आणि श यांची मराठी वळणे मात्र आपल्याच प्रदेशात राहिली, आणि त्यांच्या रक्षणासाठी महाराष्ट्र शासनाला २००९ मध्ये निर्णय काढावा लागला.

मराठवाड्याच्या संदर्भात याला वेगळे महत्त्व आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. कचेरीच्या कागदावर मराठी नव्हती. गोदाकाठच्या गंगाखेडसारख्या जनाबाईच्या गावातही छापील मराठी घरात येई ती मुख्यतः पोथी आणि पंचांग यांच्या रूपाने, आणि ती मुंबई-पुण्याकडून येई. पारायण करणाऱ्या किती घरांत बाळबोध अक्षरांची ओळख पाटीवर न होता पोथीच्या पानावर झाली असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

अखेर आणि पुढे

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. वय सुमारे त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात तुकाराम जावजी आणि पुढे पांडुरंग जावजी यांच्या नावांनी निर्णयसागरचे ग्रंथ निघत राहिले. विसाव्या शतकातील अनेक संस्कृत व मराठी ग्रंथांच्या पानांवर कोलभाट लेन, मुंबई हा पत्ता दिसतो. नंतर यंत्राने खिळे ओतणे व जुळवणे आले, त्यानंतर खिळाच गेला. देवनागरी मुद्राक्षरांचा सविस्तर अभ्यास बापूराव नाईक यांनी केला आणि भाषा संचालनालयाने तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक संकल्पन केंद्रात देवनागरी अक्षराचे शिक्षण दिले. आपण स्वाध्याय टंकलिखित करताना संगणकावर जो मंगल टंक दिसतो तो त्यांच्या हातचा आहे. पडद्यावर शिरोरेषा जोडण्यासाठी आता कानस लागत नाही, पण प्रत्येक अक्षराची रुंदी कोणीतरी ठरवावीच लागते, आणि ती चुकली तर फट तशीच दिसते.

क्षेत्रीय कार्य

आपल्या किंवा शेजारच्या घरात जुनी पोथी, पंचांग अथवा संस्कृत पुस्तक असल्यास घरच्यांच्या परवानगीने ते पाहावे. मुद्रकाचे नाव व पत्ता टिपून घ्यावा. कोणतीही एक ओळ निवडून भिंगाने शिरोरेषा कोठे तुटली आहे, कोणते अक्षर फिके आहे, कोणते कलले आहे ते वहीत नोंदवावे. जोडाक्षरांपैकी कोणती एका खिळ्याची व कोणती दोन तुकड्यांची वाटतात, ते अंदाजाने लिहावे. हीच ओळ संगणकावर टंकलिखित करून दोन्ही कागद शेजारी ठेवावेत आणि संपर्क सत्राला येताना सोबत आणावेत.